काट्याची जबानी

नागपूरकराला उष्णतेचे भय कोणी शिकवावे लागत नाही. २३ मे २०१३ रोजी ज्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला, जेथे नवतपाचे नऊ दिवस पंचांगात पाहण्याआधीच अंगाला कळतात, त्या शहरातल्या मोटारमालकाने आपल्या गाडीच्या तापमापकाचा काटा वर तर सरकत नाही ना, या एकाच काळजीत सारी हयात घालवावी, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. परंतु या भयाने आपल्याला एकाक्ष केले आहे. काटा लाल रेघेकडे झुकला की आपण रस्त्याच्या कडेला गाडी उभी करतो. तो मधल्या खुणेपर्यंत पोहोचतच नाही तेव्हा मात्र 'गाडी ठंडी चालते' असे म्हणून निश्चिंत होतो, आणि त्या निश्चिंतपणात इंजिनाचा क्षय दिवसेंदिवस चालू राहतो. खाली राहिलेला काटा ही इंजिनाची तक्रार आहे आणि तिची रीतसर चौकशी झाली पाहिजे, एवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

ही चौकशी कशी होते, ते मी गेल्या मार्गशीर्षात प्रत्यक्ष पाहिले. श्रीनगरहून कन्याकुमारीकडे जाणारा ४४ क्रमांकाचा आणि हजिऱ्याहून पारादीपकडे जाणारा ५३ क्रमांकाचा, असे दोन राष्ट्रीय महामार्ग नागपुरापाशी एकमेकांना छेदतात. त्यामुळे पश्चिमेस अमरावती मार्गावर वाडी, पूर्वेस भंडारा मार्गावर कापसी आणि उत्तरेस कामठी मार्गावर ऑटोमोटिव्ह चौक, अशी मालमोटारींची ठाणीच शहराभोवती वसली आहेत. जेथून मालाची रवानगी होते तेथे गाड्यांची शुश्रूषाही व्हावी लागते. त्या चौकाच्या आसमंतातील एका गॅरेजात, साठीकडे झुकलेल्या एका मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून, शिवनीहून आदल्या संध्याकाळी आलेल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनाच्या एका दहाचाकी गाडीची कैफियत मी ऐकली.

"उस्ताद, गाडी तापूनच नाही राहिली," असे चालकाने सांगितले, आणि मग तपशील दिला. सपाट रस्त्यावर काटा साठाच्या वर जात नाही. जाताना कुरईचा घाट चढू लागल्यावर तो कसाबसा सत्तरीला टेकला आणि परतताना उतारावर पुन्हा पन्नासाच्या घरात आला. पहाटे गाडी सुरू केल्यावर पांढरा धूर बराच वेळ थांबत नाही. आणि डिझेल पूर्वीपेक्षा जास्त जळते, असे मालकाच्या हिशेबाच्या वहीत दिसू लागले आहे. मिस्त्रींनी संध्याकाळी गाडीला हात लावला नव्हता. ती रात्रभर उभी राहू द्यावी, एवढाच हुकूम त्यांनी दिला होता, कारण थंडपणाच्या तक्रारीची चौकशी पूर्ण थंड झालेल्या इंजिनावरच सुरू करता येते, हा त्यांचा अनुभव. घाईच्या या व्यवसायात एक रात्र वाया घालविण्याचे त्यांचे हे धैर्य मला त्यांच्या हातातील कौशल्याइतकेच मोलाचे वाटले.

इंजिन थंड राहिल्याने बिघडते काय, हा प्रश्न साध्या माणसाच्या मनात येणारच. रुडॉल्फ डिझेल यांचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली जर्मनीतील औग्सबुर्ग येथे चालले, तेव्हापासून या यंत्राचे मूलतत्त्व एकच राहिले आहे: ठिणगी नाही, केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटावयाचे. सिलिंडरच्या भिंती गार असल्या की त्या या दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात, फवारलेल्या डिझेलचा काही अंश न जळता पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि काही अंश भिंतींवर थिजून, तेथील तेलाचा पातळ थर धुऊन, रिंगांवाटे खाली तेलाच्या टाकीत उतरतो. ज्वलनातून निर्माण होणारी पाण्याची वाफ त्याच गार भिंतींवर दवासारखी साचते, इंधनातील गंधकाच्या वायूंशी तिचा संयोग होऊन आम्ल तयार होते, आणि ते आम्ल लोखंडाला खाऊ लागते. १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाईल इंजिनिअर्स या संस्थेसाठी सी. जी. विल्यम्स यांनी सिलिंडरांच्या झिजेविषयी जे संशोधन केले, त्याचा निष्कर्ष हाच होता, की भिंतींचे तापमान एका मर्यादेखाली गेले म्हणजे झीज झपाट्याने वाढते आणि तिच्या मुळाशी घर्षणापेक्षा गंजणे अधिक असते. तापलेले इंजिन एका दुपारी बंद पडते आणि साऱ्या जगाला कळते. गारठलेले इंजिन मात्र कित्येक महिने चालत राहते, आणि त्याचे आयुष्य किती कमी झाले हे कळते तेव्हा ते उघडून बोअर करावयाची वेळ आलेली असते.

एवढे असूनही मिस्त्रींनी पहिला संशय इंजिनावर घेतला नाही. "आधी मीटर खरं बोलून राहिलं का, ते पाहा लागते जी," असे ते मला म्हणाले, आणि मला या शहरातलाच एक ताजा दाखला आठवला. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखविली होती. ती वार्ता देशभर पसरली, आणि मागाहून खात्याने केलेल्या तपासणीत तेथील संवेदकच सदोष असल्याचे निष्पन्न झाले. जे आकाशाच्या तापमानाचे, तेच इंजिनाच्या तापमानाचे. काटा हा एक साक्षीदार आहे. त्याची जबानी दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याशी ताडून पाहिल्यावाचून फैसला देणे हा अन्यायच, आणि गॅरेजात अशा अन्यायाचा दंड गाडीचा मालक भरतो, कारण चांगला भाग निघतो, नवा भाग बसतो आणि काटा होता तेथेच राहतो.

म्हणून प्रथम रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी पाहण्यात आली. इंजिन रात्रभर निवालेले होते म्हणूनच ते झाकण उघडता आले. चालत्या गाडीत त्या झाकणाखाली दाब असतो, त्या दाबामुळे आतील पाणी शंभर अंशांपलीकडे जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. पातळी पाहण्याचे कारण असे, की कूलंट कमी असेल तर संवेदकाचे टोक पाण्याऐवजी हवेच्या पोकळीत लोंबत राहते. मग सिलिंडरचे हेड आतून जळत असतानाही काटा गार दाखवितो. येथे पातळी ठीक होती, पण पाणी तांबूस होते, आणि ते पाहून मिस्त्रींनी काही न बोलता नुसती मान हलविली.

त्यानंतर तारेची परीक्षा झाली. जुन्या धाटणीच्या गाड्यांत संवेदकाचा विद्युत्-रोध तापमान वाढेल तसा घटत जातो आणि त्या प्रमाणात काटा वर चढतो. सबब तार तुटली, जोड गंजला किंवा खोबणीतून निसटला, तर रोध अनंत होतो आणि काटा तळाशी जाऊन बसतो. थोडक्यात, या साक्षीदाराची वाचा गेली म्हणजे तो 'सारे थंड आहे' असेच सांगतो, आणि यापेक्षा घातक असत्य दुसरे नाही. मिस्त्रींच्या हाताखालच्या मुलाने चावी फिरवून संवेदकाची तार काढली आणि क्षणभर इंजिनाच्या लोखंडाला टेकविली. काटा सरळ लाल रेघेपर्यंत गेला. तार आणि मीटर दोन्ही निर्दोष ठरली. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या नव्या गाड्यांत मात्र हा प्रयोग कोणी करू नये. तेथे स्कॅनर लावून संगणकाला दिसणारा आकडा वाचावा. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीचा तो आकडा पहाटेच्या हवेच्या तापमानाशी जुळला पाहिजे. जुळला नाही, तर संवेदकच खोटा.

आता इंजिन सुरू झाले. मिस्त्रींनी पंख्यापासून हात जपत रेडिएटरला वरून येऊन मिळणाऱ्या जाड होज पाइपावर तळवा ठेवला आणि मलाही ठेवावयास लावला. निरोगी इंजिनात तो पाइप बराच वेळ गार राहतो, इंजिन आपल्या ठरलेल्या तापमानाला पोहोचले म्हणजे एकाएकी गरम होतो, आणि त्या क्षणी आतील झडप उघडली हे हाताला समजते. येथे तसे झाले नाही. पहिल्या काही मिनिटांतच तो पाइप कोमट झाला आणि इंजिनाच्या बरोबरीने हळूहळू ऊन होत गेला; म्हणजे जे पाणी अजून इंजिनातच फिरावयाचे, ते मुळापासूनच रेडिएटरकडे निघून चालले होते. मग मुलाने ती झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, ज्यात बसतो त्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर उष्णता मोजण्याची गन धरली. चकचकीत धातूवर ही गन खरे वाचीत नाही, म्हणून ती काळी पट्टी. गाडी चांगली अर्धा तास फिरवून आणल्यावरही गनवर अठ्ठावन्न आणि मीटरवर साठ, असे दोन साक्षीदार एकवाक्यतेने बोलले. पंखाही तपासला, कारण त्याचा क्लच जाम होऊन तो अहोरात्र पूर्ण वेगाने फिरू लागला तरी इंजिन गारठते. तसे काही आढळले नाही. काट्याची जबानी खरी होती, आणि कसूर थर्मोस्टॅटचा होता.

थर्मोस्टॅट ही वस्तू मुठीत मावेल एवढी असते. पूर्वी तिच्या जागी तांब्या-पितळेची घडीदार डबी असे आणि तिच्यात चटकन वाफ होणारा द्रव भरलेला असे. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी त्या द्रवाऐवजी मेण वापरण्याची युक्ती सिद्धीस नेली, आणि मोटारींच्या दुनियेत तीच आजतागायत टिकून आहे. पितळेच्या लहानशा पेल्यात विशिष्ट अंशांवर वितळणारे मेण ठासलेले असते. ते वितळताना फुगते, फुगताना एका दांडीला रेटते, आणि स्प्रिंगचा विरोध मोडून झडप उघडते. पाणी निवाले की मेण आकसते आणि स्प्रिंग झडप मिटविते. या कामास वीज लागत नाही, तार लागत नाही, कोणाचे लक्षही लागत नाही. मालमोटारींच्या पुष्कळ इंजिनांत ही झडप ब्याऐंशी-त्र्याऐंशी अंशांच्या सुमारास उघडू लागते आणि पंचाण्णवाच्या आसपास पूर्ण उघडते, आणि तिचा नेमका अंश तिच्या अंगावरच कोरलेला असतो. जनानखान्याच्या देवडीवरचा पहारेकरी जसा कोणाला केव्हा सोडावे हे जाणतो, तसे हे मेण पाण्याला केव्हा बाहेर सोडावे हे जाणते.

कूलंट स्वच्छ बादलीत काढून घेतल्यावर वरचा होज सोडविण्यात आला, थर्मोस्टॅटच्या घराचे बोल्ट गोटीपान्याने ढिले झाले, आणि आतून निघालेली वस्तू मिस्त्रींनी सकाळच्या उन्हाकडे धरून मला दाखविली. पूर्ण गार असताना जी झडप घट्ट मिटलेली असावयाची, तिच्या कडेने प्रकाशाची एक बारीक चंद्रकोर दिसत होती. सांगाडा गंजाने तांबडा झाला होता आणि बैठकीवर क्षारांचा पांढरा थर चढला होता. त्या गाडीत कित्येक महिने कूलंटऐवजी वाटेतल्या बोअरचे पाणी भरले जात होते, हे चालकाने तेव्हा कबूल केले. आपल्या काळ्या पाषाणातील भूजल पुष्कळ ठिकाणी कठीण असते. घरच्या हंड्याला तळाशी जे पांढरे किटण धरते, तेच इंजिनाच्या आतही धरते, आणि गंज रोखणारी द्रव्ये तर त्या पाण्यात मुळीच नसतात.

तरीही मिस्त्रींनी शेवटची खातरजमा केलीच. पातेल्यात पाणी, त्यात तापमापक, आणि सुतळीने बांधून, तळाला न टेकेल अशा बेताने सोडलेला तो थर्मोस्टॅट, असे सारे स्टोव्हवर चढले. साठ अंशांवरच झडपेची फट रुंदावू लागली. मग नव्या थर्मोस्टॅटचीही तीच परीक्षा झाली, कारण नवा म्हणून आणलेला भाग निर्दोषच असतो असे नाही. तो ब्याऐंशीपर्यंत निश्चल राहिला, नंतर हळूहळू उघडत गेला आणि पाणी उकळण्यापूर्वी पूर्ण उघडला. समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे दहा मीटर उंचीवरच्या नागपुरात पाणी नव्याण्णव अंशांच्या आसपास उकळते, म्हणून ही परीक्षा साध्या पातेल्यात पुरी होते. खाली उतरविल्यावर तो पुन्हा घट्ट मिटला, आणि मगच तो गाडीत बसण्यास पात्र ठरला.

बसविण्याचे काम दिसावयास सोपे, पण त्यातल्या चुका हजारो किलोमीटर छळतात. मेणाचा पेला आणि स्प्रिंग यांची बाजू इंजिनाकडे असावी. झडपेच्या कडेला हवा निसटण्यासाठी जे लहानसे छिद्र असते, ते उभ्या बैठकीत सर्वांत वर यावे. जुन्या पॅकिंगचा कण न् कण खरवडून काढावा, परंतु खरवड आत पडू देऊ नये, कारण तसा एखादा तुकडाही झडपेत अडकून तिला उघडी ठेवू शकतो. नव्या पॅकिंगवर शेलॅकचा जाड लेप देऊ नये. आणि बोल्ट एका बाजूने करकचून न आवळता आळीपाळीने, निर्मात्याने नेमून दिलेल्या जोराइतकेच आवळावेत, नाहीतर घराचे नाजूक कान तडकतात. ज्या मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात, तेथे दोन्ही एकदमच बदलावेत. येथे आतील गढूळ पाणी दोनदा धुऊन काढल्यानंतर कूलंट आणि शुद्ध पाणी समप्रमाणात मिसळून अगदी सावकाश भरण्यात आले, हवेचे बुडबुडे निघून जाऊ दिले, पातळी पुन्हा पाहिली, आणि मग झाकण लागले.

हे सारे चालले असता शेजारच्या गाडीचा चालक एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारीत होता: उन्हाळा तर पुढे येतोच आहे, मग हा अडथळा काढूनच का टाकू नये? जमशेदपूरच्या टेल्को कारखान्यातून १९५४ साली डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने मालमोटारी बाहेर पडू लागल्या, त्यालाही आता सात दशके उलटली. परंतु चैत्र लागला की थर्मोस्टॅट काढून फेकावयाचा, ही चाल कित्येक गॅरेजांत अजूनही आढळते. तिच्यामागचा तर्क वरवर पटण्याजोगा असला तरी तो चुकीचा आहे. पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामे असतात: रेडिएटरकडील वाट उघडणे आणि त्याच वेळी आतल्या आत फिरणारी बायपासची वाट मिटविणे. तो काढून टाकला म्हणजे बायपासची वाट कायमची उघडी राहते, पाण्याचा मोठा भाग रेडिएटरचे तोंड न पाहताच इंजिनात परत जातो, आणि भर मे महिन्यात, भरल्या ओझ्यानिशी घाट चढताना, ज्या तापण्याच्या भयाने तो काढला तेच तापणे ओढवते. पौषात हीच गाडी पुन्हा गारठते. आणि नागपूरचा पौषही सौम्यच असतो असे नाही, २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते. उन्हाळ्यात गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या जाळ्या धुवाव्यात, पंखा, पट्टा, पाण्याचा पंप आणि झाकण तपासावे. पहारेकऱ्याला काढून टाकणे हा बंदोबस्त नव्हे.

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही मानके देशभर लागू झाल्यानंतर तर या लहानशा वस्तूचे महत्त्व आणखी वाढले आहे. नव्या गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडविणारी गाळणी असते आणि ती काजळी वेळोवेळी उच्च तापमानावर जाळून टाकावी लागते. इंजिनाला पुरेशी ऊब नसेल तर पुष्कळ गाड्यांचा संगणक हे शोधन सुरूच करीत नाही, गाळणी तुंबत जाते, आणि थर्मोस्टॅटच्या किमतीच्या कित्येक पट खर्च मालकाच्या माथी बसतो. शिवाय जो धूर न जळता बाहेर पडतो तो कोणाच्या तरी छातीतच जातो. कामठी मार्गावर पहाटे शाळेला निघालेली मुले तो श्वासाबरोबर घेतात, तेव्हा हा प्रश्न एका गाडीमालकाच्या हिशेबाच्या वहीपुरता राहत नाही.

दुपारी ती गाडी कोराडीच्या दिशेने फिरवून आणली, तेव्हा मीही चालकाशेजारी बसलो होतो. काटा संथपणे चढला, ब्याऐंशीच्या खुणेवर थांबला, किंचित पुढे जाऊन मागे आला आणि तेथेच स्थिरावला. परतीच्या सबंध वाटेवर तो तेथून हलला नाही. मिस्त्रींनी थर्मोस्टॅटच्या घराच्या बाजूला पांढऱ्या रंगाने बदलाची तारीख लिहिली, जुना थर्मोस्टॅट चालकाच्या हातात दिला आणि तो मालकाला दाखवावयास सांगितला.

ज्यांच्या दारात मालमोटार, ट्रॅक्टर किंवा साधी मोटार उभी आहे, त्या वाचकांना माझी विनंती आहे. या दिवाळीनंतर पहिली थंडी पडेल, त्या पहाटे झाकण उघडून कूलंटची पातळी आणि रंग पाहा, झाकण पुन्हा नीट लावून इंजिन सुरू करा आणि पंख्यापासून हात दूर ठेवून वरच्या होजवर तळवा ठेवा. तो काही काळ गार राहून मग एकदम तापला, तर आपला पहारेकरी जागा आहे. तो पहिल्यापासूनच कोमट होऊ लागला, तर काटा खाली आहे म्हणून समाधान मानू नका. आधी मीटर आणि तार तपासून घ्या, मग थर्मोस्टॅट बदला, आणि कूलंटच्या जागी बोअरचे पाणी पुन्हा कधी भरू नका.